येळवशीचं ताक

टेबलं एकवीस. खुर्च्या चौऱ्याऐंशी. बैलगाडीची चाकं सहा, बैल एकही नाही. कंदील चौदा, चौदाच्या चौदा विजेवर चालणारे. सुपं नऊ, खिळे मारून भिंतीला ठोकलेली. पाटे-वरवंटे तीन, तिन्ही सिमेंटात पक्के बसवलेले, म्हणजे कुणाला चटणी वाटायची लहर आलीच तरी वाटता येऊ नये. जातं एक, त्याच्या तोंडात कागदी रुमालांचा गठ्ठा. कडब्याच्या पेंढ्या अठरा. त्यांच्यावर दर सोमवारी झुरळांचं औषध मारायचे. आणि दालनाच्या मधोमध, काचेच्या पेटीत, फायबरची एक म्हातारी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिचा उजवा हात मोटारीवर मिनिटाला बावीस वेळा खाली यायचा. भाकरी उद्घाटनापासून तीच होती.

हे सगळं प्रतीक्षानं नोकरीच्या पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलं होतं. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. अणदूरची पोर, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, पुण्यातल्या या ‘शिवार’ नावाच्या हॉटेलात ‘गुणवत्ता अधिकारी’ म्हणून लागली होती. अधिकारी म्हणजे काय, तर फ्रीजचं तापमान लिहायचं, तेल कितव्यांदा तापलंय ते बघायचं, आणि गिऱ्हाइकाच्या ताटात केस निघाला तर तो कुणाचा, हे ठरवणाऱ्या बैठकीला बसायचं.

त्या रस्त्यावर दीड किलोमीटरात खाण्याची ठिकाणं त्रेचाळीस होती. अकरा ठिकाणी खेडं विकायला होतं. उरलेल्यांत कुठं कोरिया, कुठं इटली, कुठं मुंबईचा फुटपाथ, तोही वातानुकूलित. माणसं ऐन जेवायच्या वेळेला घरून निघायची, बाहेरच्या बाकड्यावर नंबर लावून पाऊण तास बसायची आणि आत आल्यावर आधी ताटाचा फोटो काढायची. प्रतीक्षानं घड्याळ लावून बघितलं होतं. ताट समोर आल्यापासून पहिला घास तोंडात जाईपर्यंत सरासरी चार मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यात पिठल्यावर साय धरायची. मग ती साय चमच्यानं उचलून एकमेकांना दाखवायचे आणि म्हणायचे, “बघ, ऑथेंटिक!”

मालकाचं नाव गुरुप्रसाद. घराणं तुळजापूरच्या पुजाऱ्यांचं, पण हा आठ वर्षांचा असताना वडिलांच्या बदलीबरोबर पुण्याला आला तो आलाच. गळ्यात कवड्यांची माळ, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. ‘आपली माती’ हे दोन शब्द तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा, की प्रतीक्षानं ते मोजणं दुसऱ्या आठवड्यात सोडून दिलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यानं तिला बोलावून घेतलं. पुढ्यात मातीचा अंगठ्याएवढा पेला होता. जेवणाच्या यादीत त्याला ‘आंबील शॉट’ म्हणत.

“प्रतीक्षा, आपली आंबील कशी वाटते तुला? खरं सांग.”

“खरं सांगू सर? पाकिटातलं दही, ज्वारीचं पीठ आणि लिंबूसत्त्व. लिंबूसत्त्व जरा जास्त पडतंय.”

“करेक्ट!” तो खूश झाला. “आत्मा नाहीये त्यात. स्टोरी नाहीये. मला सांग, तुमच्या गावात एखादं जुनं विरजण असेल ना? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं?”

इथं प्रतीक्षा चुकली. गप्प बसायचं सोडून ती म्हणाली, “आमच्या गौराकाकूंची आंबील गल्लीत सगळ्यांत आंबट असते.”

गुरुप्रसादनं डोळे मिटले आणि ते नाव तोंडात घोळवलं. “गौराकाकू. वा. गौराकाकूंचं शंभर वर्षांचं विरजण.”

“काकू बासष्ट वर्षांच्या आहेत, सर.”

“विरजणाचं म्हणतोय मी.”

मग त्यानं बेत सांगितला. मार्गशीर्षातल्या अमावास्येला धाराशिव-लातूरकडची माणसं घराला कुलूप घालून रानात जेवायला जातात, ती येळवस. त्या दिवशी रानात आंबील प्यायची. ‘शिवार’मध्ये यंदा त्याचा महोत्सव होणार होता, पुण्यातली ही अमावास्या अकरा दिवस चालणार होती. त्याआधी दोघांनी अणदूरला जायचं, गौराकाकूंकडून विरजण आणायचं, आणि प्रतीक्षानं ते तपासून अहवाल लिहायचा. अहवाल चौकटीत घालून दालनात लावायचा.

“सही तुझी. सायंटिस्टची. लोकांना मातीबरोबर हल्ली थोडं सायन्स पण लागतं.” तो उठला. “तुझं प्रोबेशन एकतीसला संपतंय ना? अहवाल लागला की तू पर्मनंट. नाहीतर मला या पोस्टचाच विचार करावा लागेल.”

प्रतीक्षाच्या सहीला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. एम.एस्सी.च्या प्रबंधात एक आकडा जुळत नव्हता तेव्हा तिनं तो तसाच ठेवला होता आणि आठ गुण घालवले होते. आता त्या सहीवर नोकरी टांगली होती.

*

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुप्रसादची पांढरी गाडी अणदूरच्या खंडोबाच्या देवळामागच्या गल्लीत शिरली आणि तिथंच अडकली. पुढं गल्लीतल्या पार्वतम्माची म्हैस होती. गुरुप्रसादनं काच खाली करून तिचा व्हिडिओ घेतला. म्हशीनं शेण टाकलं. त्याचाही घेतला.

गौराबाईंचं घर स्लॅबचं, दोन खोल्यांचं. त्यांचे मालक बलभीमकाका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. अजूनही घरात येणाऱ्याला “पुढं सरका, पुढं सरका” म्हणत. पाहुणा तुळजापूरचा आहे म्हटल्यावर त्यांनी सदरा बदलला. पुजारी म्हणजे परका माणूस नव्हे. अणदूरची बरीच घरं तुळजापूरला गेली की ठरलेल्या पुजाऱ्याकडंच उतरत, आणि गौराबाईंच्या सासरचा पुजारी म्हणजे नेमका गुरुप्रसादचा आजा.

“तुमच्या आज्यानं लई माया केली आमच्यावर,” गौराबाई म्हणाल्या. “माज्या सासूबाई नवरात्रात तापानं फणफणल्या, तर आठ दिस वट्यावर ठिवून घेतलं त्यांनी. पेज सुदीक घातली. बसा पुजारी. च्या घ्या.”

गुरुप्रसादनं चहा घेतला, फोन काठीवर चढवला आणि गौराबाईंकडं निरखून बघितलं. अंगावर सहावारी पातळ, वरून जांभळा स्वेटर.

“मावशी, स्वेटर जरा काढता का? फ्रेममध्ये तो… म्हणजे काळाशी जुळत नाही.”

“काळाशी न्हाय जुळत, पर थंडीशी जुळतंय,” गौराबाई म्हणाल्या. “तुमी वाटून घेणार का माजी थंडी?”

“बरं, राहू दे. आणि चूल?”

“गॅस हाय की. चूल पायजे तर मागं हाय, पेटवून देते. तुमी बसा फुकत.”

काकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. प्रतीक्षा भिंतीकडं बघत राहिली. तिला दोघांचीही लाज वाटत होती आणि दोघांत कुणाची जास्त, ते ठरत नव्हतं.

कोपऱ्यात ओल्या फडक्यानं बांधलेलं मातीचं बिंदगं होतं. आंबीलीचं ताक चार दिवसांपासून त्यात मुरत होतं. गुरुप्रसाद त्याच्यापुढं मांडी घालून बसला, जसा पेटीपुढं गवई बसावा.

“मावशी, हे विरजण कुणाचं? तुमच्या सासूबाईंचं? त्यांच्या सासूबाईंचं?”

“माज्याकडं कुठलं? आमच्या दावणीला ढोर न्हाय. ह्यातलं निम्मं पार्वतम्माच्या म्हशीचं. पलीकडल्या उमाबाईच्या दोन गायींचं तांब्याभर. कोपऱ्यावरल्या अमरसिंहाच्या घरचं थोडं. ज्याच्या घरी दुभतं हाय त्यो येळवशीच्या अगुदर गल्लीला ताक देतोय. समदं येका जागी वततो आमी. म्हणून आंबतंय.”

“म्हणजे कम्युनिटी कल्चर!” गुरुप्रसाद फोनला म्हणाला. “संपूर्ण गावाचा वारसा, एका भांड्यात!” मग गौराबाईंकडं वळून, “मला यातलं दोन लिटर हवंय.”

“न्या की. त्यात इचारायचं काय? प्रतीक्षे, ती काचंची बाटली धू.”

प्रतीक्षाच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतकं सोपं होतं. खरं ताक बाटलीत, बाटली पुण्यात, खरे आकडे कागदावर, खाली सही. ती बाटली घेऊन मोरीकडं निघालीच होती, तेवढ्यात मागं पाकिटाचा आवाज झाला. गुरुप्रसादनं पांढरं पाकीट काढून बिंदग्याशेजारी ठेवलं होतं.

“हे काय?” गौराबाईंनी विचारलं.

“मोबदला. आमची पॉलिसी आहे मावशी. शेतकऱ्याकडून, सोर्सकडून फुकट काही घ्यायचं नाही.”

गौराबाईंनी पाकीट उचलून त्याच्या हातात दिलं. “येळवशीचं ताक इकत नसत्यात, पुजारी.”

“ताकाचे नाहीत हो. नॉलेजचे समजा.”

“कशाचे?”

“ज्ञानाचे.”

गौराबाईंनी बिंदग्यात डोकावून बघितलं. “ज्ञान न्हाय घातल्यालं म्या. अजून मीठबी घातलं न्हाय.”

“मावशी, तुम्ही नाही घेतलेत तर मला ते वापरताच येणार नाही. कागदोपत्री दाखवावं लागतं.” त्यानं पाकीट पुन्हा खाली ठेवलं. गौराबाईंनी पुन्हा परत दिलं. त्यानं तिसऱ्यांदा ठेवलं, या वेळी बिंदग्याच्या बुडाखाली सरकवून, आणि त्याचा फोटो घेतला. मग एक छापील कागद पुढं केला. “इथं सही. ‘विरजणाची विक्री केली’ एवढंच लिहिलंय.”

बलभीमकाका म्हणाले, “आगं, घे की. तिकीट काढल्याशिवाय बसायचं न्हाय म्हणतोय माणूस.”

गौराबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. ते लगेच दाराशी जाऊन उभे राहिले. मग गौराबाईंनी कागद घेतला, कडेला बसून सावकाश वाचला. सातवीपर्यंत शिकलेल्या, सही झोकदार केली.

“ठीक हाय,” त्या म्हणाल्या. “इकत पायजे म्हणता. सकाळी घिऊन जावा. बाटली भरून ठिवते.”

गुरुप्रसाद मुक्कामाला सोलापूरला गेला. आपल्या मातीत त्याला स्वतंत्र न्हाणीघर लागायचं.

गाडी वळली तशी गौराबाईंनी पाकिटातली एक नोट काढून बलभीमकाकांना चौकातल्या दुकानात पिटाळलं. काका आले ते दह्याची पाकिटं घेऊन. निळी-पांढरी, वर हसणारी गाय. गौराबाईंनी दातानं कोपरा फाडला आणि पहिलं पाकीट काचेच्या बाटलीत पिळलं.

“काकू!” प्रतीक्षा ओरडली. “काय करताय?”

“बाटली भरती.”

“पण हे विकतचं दही आहे!”

“मंग? त्यानं इकत मागितलं. माज्याकडं इकायला ताक न्हाय. जे इकत मिळतंय ते आणलं.” दुसरं पाकीट फाडलं. “पाणी घाल जरा त्यात. लई घट हाय.”

“अहो, पण त्यांना वाटतंय की—”

“त्याला काय वाटायचं ते वाटू दे. तुज्यादेखत पयलं देत हुते का न्हाय? बिंदगं उचलून दिलं आसतं. सात पिढ्यांचा पुजारी. त्यानंच पैसं ठिवलं. एकदा न्हाय, तीनदा.”

“मग नाही म्हणायचं. घालवून द्यायचं.”

“पुजाऱ्याच्या पोराला? रिकाम्या हातानं?” गौराबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. “माज्या सासूनं त्या घरची पेज खाल्लीया. आन्‌ पार्वतम्मानं जे मला फुकट दिलं त्ये म्या इकू? उद्या रानात तिच्या म्होरं कोणत्या तोंडानं बसू? तूच सांग, लई शिकलीस न्हवं.”

प्रतीक्षानं रिकामं पाकीट उचलून मागची बाजू वाचली. दोन जिवाणूंची नावं छापली होती. ती तिला एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रापासून पाठ होती.

“उरल्यालं पैसं आन्‌ पावती तुज्या पिशवीत घातलीया,” गौराबाई झाकण आवळत म्हणाल्या. “हिशेब चोख.”

*

दुसऱ्या दिवशी रानात ज्वारी कंबरेच्या वर होती. कडब्याच्या पेंढ्या टेकवून केलेल्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, आणि मधे बिंदगं. गुरुप्रसाद नवं धोतर नेसून आला होता आणि दर दहा पावलांना ते सावरत होता. बलभीमकाका शेताला फेरी मारत आंबील शिंपडायला लागले, तर यानं त्यांना दोनदा मागं बोलावलं, उजेड चेहऱ्यावर येत नव्हता म्हणून. काका दोन्ही वेळा आले. तिसऱ्यांदा स्वतःच विचारलं, “अजून एकदा मारू का?”

प्रतीक्षानं पिशवीतून पेनासारखा सामूमापक काढला आणि बिंदग्याकडं निघाली. गौराबाईंनी मनगट धरलं.

“अजून निवद दावला न्हाय. निवदाच्या अगुदर कुणी चव घेत नसतंय.”

“मी चव घेत नाहीये काकू. ही काडी नुसती बुडवायची.”

“काय कळतंय त्या काडीला?”

“आंबट किती ते.”

“मंग जीभच की ती. थांब.”

प्रतीक्षा थांबली. नैवेद्य दाखवून झाल्यावर तिनं मापक चार आणि सात सामूच्या द्रावणांत बुडवून आकडा जुळवून घेतला, मग वाटीभर आंबीलीत धरला. आकडा थोडा वेळ हलला आणि थांबला. ३.६८. तिनं तो लिहिला; आकडा जितका खाली, तितकं ताक आंबट. मग भांडंभर आंबील प्यायली. लसूण, हिरवी मिरची, आणि घशात खाली उतरताना कान गरम करणारा आंबटपणा. सात महिने ‘शिवार’चा अंगठ्याएवढा पेला रोज चाखून तिची जीभ जी मेली होती, ती जागी झाली.

गुरुप्रसाद आंबील प्यायला आणि त्याचा चेहरा आवळला. “जरा जास्तच स्ट्राँग आहे,” तो म्हणाला. “आपण पुण्यात बॅलन्स करू.”

निघताना गौराबाईंनी त्याला काचेची बाटली दिली. तो तिला दोन्ही हातांनी कपाळाला लावून गाडीत बसला. प्रतीक्षाच्या हातात मात्र त्यांनी जुन्या लोणच्याची बरणी ठेवली, फडक्यात गुंडाळलेली.

“ह्ये तुला. बिंदग्यातलं. एक दिसाआड दूध-पीठ दाव त्याला. कुणाला द्यावं वाटलं तर दे. इकायचं न्हाय, एवढंच.”

*

महोत्सवाच्या पहिल्या दिवशी ‘शिवार’च्या दारावर दहा फुटी फलक लागला. त्यावर गौराबाई होत्या, जांभळा स्वेटर संगणकावर पुसून टाकलेला, अंगात खणाची चोळी घातलेली. खाली लिहिलं होतं: ‘शंभर वर्षांचं जिवंत विरजण. थेट अणदूरच्या चुलीवरून.’ चुलीवर विरजण कसं जगलं, हे कुणी विचारलं नाही. आतली फायबरची म्हातारी बावीसच्या गतीनं भाकरी थापत होती. पेल्यांवर पेले रिकामे होत होते.

“तुला जाणवतं? मातीची चव आहे,” एक बाई नवऱ्याला म्हणाली. तो म्हणाला, “एकदम रॉ.” पाचव्या टेबलावरच्या मुलीनं डोळे पुसले, तिला आजी आठवली. तिची आजी नागपूरला दातांची डॉक्टर होती, असं ती स्वतःच वेटरला सांगत होती.

प्रतीक्षानं तीन दिवस तपासण्या केल्या. बरणी तिच्या खोलीवरच्या फ्रीजमध्ये होती. ती उचलून आणायची आणि हॉटेलच्या पिंपात ओतायची, की फलकही खरा झाला असता आणि सहीही. दीड मिनिटाचं काम. दोनदा ती बरणी घेऊन जिन्यापर्यंत गेली. मग पार्वतम्माची म्हैस आठवायची, आणि “एकदम रॉ” म्हणणारा तो माणूस. ती परत फिरायची.

एकतीस तारखेला सकाळी तिनं अहवाल टाइप केला आणि सही केली. टेबलाच्या खणातलं सामान पिशवीत भरलं. दुपारपर्यंत आपण इथं नसणार, हे तिनं गृहीत धरलं होतं. दह्याची पावती आणि उरलेले पैसे तिनं अहवालालाच टाचणीनं लावले. कागदावर एवढंच होतं:

नमुना एक. अणदूर येथून विकत घेतलेलं विरजण. सामू ४.५२.

नमुना दोन. दुकानातलं पाकिटबंद दही. सामू ४.५२. एक आणि दोन यांतले जिवाणू सारखेच.

नमुना तीन. अणदूर, येळवशीचा नैवेद्य झाल्यावर. विकत मिळत नाही. सामू ३.६८.

गुरुप्रसादनं कागद हातात घेतला. पैसे खिशात घातले. पावतीकडं बघून म्हणाला, “हे अकाउंट्सला दे.” मग अहवालावर डोळे फिरवले. त्याची नजर वरून खाली न जाता कडेकडेनं फिरली, फोटो बघतात तशी.

“चार पॉइंट पाच. चांगलं ना?”

“सुरक्षित आहे.”

“आणि तीन नमुने! वा. रिसर्च दिसतोय. अक्षर जरा मोठं कर, वर आपला लोगो टाक.” त्यानं खणातून दुसरं पाकीट काढून तिच्यापुढं ठेवलं. “पर्मनंट. अभिनंदन.”

अहवाल आठव्या आणि नवव्या कंदिलाच्या मधे लागला. सागवानी चौकट, वर छोटा पिवळा दिवा. प्रतीक्षानं पिशवीतलं सामान पुन्हा खणात ठेवलं. ही गोष्ट तिला स्वतःच्या बाबतीत फारशी आवडली नाही, पण खोलीचं भाडं होतं आणि अहवाल तर खराच होता. आता कुणी वाचेल, मग बघू. ती रोज वहीत रेघा ओढायला लागली. चौकटीसमोर थांबलेले, चौकटीबरोबर फोटो काढलेले, वाचलेले. पहिल्या दोन रकान्यांत जागा पुरेना. तिसरा कोरा होता. एकदा एक माणूस बराच वेळ चौकटीला नाक लावून उभा राहिला, तेव्हा ती उठून त्याच्यापर्यंत गेली. तो काचेत बघून दाताला अडकलेली कोथिंबीर काढत होता.

महोत्सव संपला तरी पेला आणि चौकट राहिली. चौकट लागल्याच्या सव्विसाव्या दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. मुलानं हौसेनं आणलं होतं. “बाबा, तुमच्या भागातलं जेवण आहे बघा,” असं तो दारापासून सांगत होता. म्हाताऱ्यानं आधी बैलगाडीचं चाक बोटानं चाचपलं.

“आऱ्या हायेत. वंगण कुठाय?”

“बाबा, शोभेचं आहे ते.”

“मंग मला बी बसवा की काचंच्या पेटीत. ती म्हातारी दमली आसंल.”

पेला आला. ते एका घोटात प्यायले, तोंड पुसलं. मग हात धुवायला उठले आणि वाटेत चौकटीसमोर थांबले. खिशातून चष्मा काढला. ओठ हलवत, बोट ओळीखाली ठेवून, वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं.

“आरं शिवराज,” ते मोठ्यांदा म्हणाले, “ह्ये येक आन्‌ दोन सारखंच हाय की! दुकानातलं दही पाजत्यात ह्ये लोकं. स्वतःच लिवून लावलंय भिताडावर!”

शिवराज लाजेनं लाल झाला. “बाबा, हळू. लोक बघतायत.”

लोक बघत नव्हते. बाराव्या टेबलावर कुणाच्या तरी ताटाचा फोटो चालला होता आणि सगळे श्वास रोखून होते.

प्रतीक्षा पुढं गेली. “सही माझीच आहे.”

म्हाताऱ्यानं तिला चष्म्यावरून न्याहाळलं. “कुठली तू?”

“अणदूरची.”

“मी बाबूराव. तेरचा. जिल्हा परिषदेत कारकून हुतो, म्हणून कागुद दिसला की वाचतो; खोड हाय.” त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “दोन येळवशी झाल्या, ह्या पोराच्या घरी हाय. ह्ये तीन नंबरचं कुठं मिळतंय, पोरी?”

“मिळत नाही काका,” प्रतीक्षा म्हणाली. “देतात.”

बाबूरावांनी चष्मा खिशात ठेवला. मग म्हणाले, “मंग उद्या मोकळी बाटली घिऊन येतो.”

प्रतीक्षानं वही काढली आणि तिसऱ्या रकान्यात एक रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खोलीवर बरणी फ्रीजमधून काढली, लाकडी पळीनं ढवळली आणि ताक खोलीच्या उष्णतेवर येईपर्यंत वीस मिनिटं थांबली. मापक चारच्या द्रावणात बुडवला, मग सातच्या, मग पुसून बरणीत धरला. आकडा हलला, थांबला.

३.७१.